गेट किती व्होल्टचं आणि कुणासाठी?

सुरांची ठरलेली मालिका आपोआप वाजवणाऱ्या सीक्वेन्सरवरचा दिवा प्रत्येक ठोक्याला लुकलुकतोय. केबल बदलून पाहिली. पलीकडचं, आवाजाचा चढ-उतार ठरवणारं एन्व्हलप मोड्यूल मात्र ढिम्म. तीच केबल दुसऱ्या कंपनीच्या एन्व्हलपला लावली की सगळं सुरळीत चालतं. मोड्युलर सिंथेसायझर, म्हणजे सुटी मोड्यूल केबलींनी जोडून आवाज घडवायचं वाद्य, हाताळणाऱ्या बहुतेकांवर ही वेळ कधी ना कधी येते, आणि पहिला संशय मोड्यूलवरच जातो. खरं तर मोड्यूल बहुधा धडधाकट असतं. एक जण गेट म्हणून, म्हणजे 'वाज' या खुणेसाठी, ५ व्होल्ट देतोय आणि दुसऱ्याला ७ लागतायत, एवढीच अडचण असते.

हे नीट समजून घेतलं तर मोड्यूल खोक्यात भरून परत पाठवायची वेळ येत नाही आणि महागडा मायक्रोकंट्रोलर जळतही नाही. फोंड्याला, म्हापशाला, मडगावला घरच्या टेबलावर दोन-चार मोड्यूल आणि लॅपटॉप घेऊन बसणारी मुलं मला भेटतात, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे.

मोड्युलरमध्ये सगळा व्यवहार व्होल्टेजचा. ऑसिलेटरमधून निघणारा सूर म्हणजे वेगाने वरखाली होणारं व्होल्टेज, आणि तो सूर कोणता असावा हे सांगतं तेही व्होल्टेजच. यातलं दुसरं फार नाजूक असतं. युरोरॅक या मोड्यूलच्या प्रचलित चौकटीत १ व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक वर जातो, म्हणजे अर्ध्या स्वराला साधारण ८३ मिलिव्होल्ट. तिथे १० मिलिव्होल्टची चूक झाली तरी तंबोऱ्याची सवय असलेल्या कानाला ती लगेच खटकते.

गेटचं तसं नाही. गेट दोनच गोष्टी सांगतं: कळ दाबलेली आहे, किंवा नाही. दाबली की व्होल्टेज झटकन वर जातं, दाबून ठेवली तोवर वरच राहतं, सोडली की खाली येतं. ट्रिगर त्याहून आखूड असतो. १ ते १० मिलिसेकंदांत 'सुरू कर' एवढं सांगून तो संपतो. गेट ४.८ व्होल्टचं असो की ५.३ चं, ऐकणाऱ्याला काही फरक पडत नाही. आणि काटेकोरपणाची गरजच नसल्यामुळे 'वर' म्हणजे नेमकं किती, यावर उत्पादकांचं एकमत कधी झालंच नाही.

प्रत्येकाची वेगळी रीत

१९६० च्या दशकात अमेरिकेच्या दोन टोकांना दोन माणसं साधारण एकाच वेळी व्होल्टेजवर चालणारी वाद्यं घडवत होती. न्यूयॉर्क राज्यात रॉबर्ट मूग आणि कॅलिफोर्नियात डॉन बुक्ला. मूगने जी पद्धत घेतली तिला एस-ट्रिगर म्हणतात. इथे गेटची तार एरवी आतल्या रेझिस्टरने वर धरलेली असते आणि कळ दाबली की ती थेट ग्राउंडला जोडली जाते. म्हणजे वाजायची खूण 'वर' नसून 'खाली' आहे. १९७० च्या मिनीमूगवरही हेच आहे, आणि त्यासाठी दोन चपट्या पिनांचा वेगळाच जोड वापरलेला आहे. कॉर्गच्या १९७८ च्या एमएस-२० वरही एस-ट्रिगरच आहे.

बुक्लाने केळ्यासारख्या फुगीर टोकाच्या बनाना केबली वापरल्या. त्याच्या २००ई मालिकेत एकाच पल्समध्ये दोन निरोप असतात: आरंभी क्षणभर १० व्होल्ट, मग कळ दाबलेली असेपर्यंत ५ व्होल्ट. 'सुरू हो' हे १० सांगतं, 'चालू राहा' हे ५ सांगतं. मला ही रचना फार देखणी वाटते. पण युरोरॅकचं सरळ ५ व्होल्टचं गेट अशा इनपुटला दिलं तर त्याला आरंभाची खूण मिळतच नाही आणि ते जागचं हलत नाही.

एआरपी कंपनीने १९७१ च्या '२६००' या सिंथेसायझरमध्ये १० व्होल्टचं गेट ठेवलं. ज्या संगीताला जगभर गोवा ट्रान्स म्हणतात, त्यात रोलँडच्या एसएच-१०१ चा भरपूर वापर झाला. तिचं गेट १२ व्होल्टचं. पुढे १९९५ मध्ये जर्मनीत डीटर डेप्फरने ए-१०० ही मालिका आणली आणि तिथून युरोरॅकची सुरुवात झाली: ३.५ मिलिमीटरचे जॅक, अधिक-उणे १२ व्होल्टचा पुरवठा आणि गेट साधारणपणे ५ व्होल्टचं. मग शेकडो लहान कंपन्या या चौकटीत आल्या. आकार आणि वीजपुरवठा त्यांनी पाळला, गेटची उंची प्रत्येकाने आपल्या सर्किटला सोयीची ठेवली. मेक नॉईजच्या मॅथ्स या मोड्यूलचे गेट आउटपुट १० व्होल्ट देतात. संगणकावरचं मोफत मोड्युलर व्हीसीव्ही रॅक २०१७ मध्ये आलं, त्यातही गेट १० व्होल्टचंच मानतात. आर्डुइनो उनोवर घरी बनवलेला सीक्वेन्सर ५ व्होल्ट देतो. ईएसपी३२ किंवा रास्पबेरी पाय वापरलं तर ३.३.

आता हे सगळं एका रॅकमध्ये, एकाच जातीच्या जॅकने एकमेकांना जोडलं जातं. जॅक बसतो म्हणून सिग्नलही जुळेल, असं मात्र नाही.

घेणाऱ्याच्या आत काय आहे

नवीन मोड्यूल घेताना लोक विचारतात, 'याचं गेट किती व्होल्टचं?' त्याहून उपयोगाचा प्रश्न असा: ज्याला ते गेट द्यायचं आहे ते मोड्यूल किती व्होल्टच्या वर 'चालू' समजतं? या पातळीला आपण उंबरठा म्हणू. देणाऱ्याचं गेट त्या उंबरठ्याच्या पुरेसं वर गेलं आणि घेणाऱ्याला इजा होईल इतकं वर गेलं नाही, की जोडणी जुळली. ५ असो, ८ असो की १०, त्याने काही बिघडत नाही.

उंबरठा कुठे आहे हे आतल्या सर्किटवर ठरतं. सर्वांत साधं इनपुट म्हणजे एक रेझिस्टर आणि एक एनपीएन ट्रान्झिस्टर. बेसवर ०.६-०.७ व्होल्ट आले की ट्रान्झिस्टर चालू होतो, त्यामुळे अशा इनपुटचा उंबरठा १ ते २ व्होल्टच्या आसपास ठेवता येतो. ३.३ व्होल्टचं गेटही त्याला पुरतं.

दुसरा प्रकार कंपॅरेटरचा. हा दोन व्होल्टेज शेजारी ठेवतो: एक आतून ठरवलेलं, एक बाहेरून आलेलं. आपल्या खाडीकाठच्या खाजन शेतीच्या बांधातली मानस, म्हणजे पाण्याची झडप, पाहिली असेल तर हे चटकन कळेल. तिचं दार बाहेरच्या खाडीचं पाणी किती खोल आहे ते मोजत बसत नाही. आतलं पाणी बाहेरच्यापेक्षा वर गेलं की दार उघडतं, बाहेरचं वर चढलं की मिटतं. कंपॅरेटरलाही फक्त कोण वर, कोण खाली एवढंच कळतं. चांगल्या मोड्यूलमध्ये हा उंबरठा बहुधा १ ते २.५ व्होल्टच्या दरम्यान असतो आणि अशी मोड्यूल कोणाचंही गेट विनातक्रार घेतात.

तिसरा प्रकार भांडणाचं मूळ आहे. जुन्या ४००० मालिकेतल्या सीमॉस चिपा थेट १२ व्होल्टवर चालवल्या आणि गेट थेट त्यांच्या पायावर नेलं, की उंबरठा पुरवठ्याच्या प्रमाणात वर सरकतो. सीडी४०१०६ ही श्मिट ट्रिगर (चालू आणि बंद होण्याच्या पातळ्या वेगळ्या असलेली) चिप घ्या. ती १० व्होल्टवर चालवली तर सुमारे ५.९ व्होल्टला 'चालू' मानते, १५ वर चालवली तर ८.८ ला. १२ व्होल्टवर हा आकडा ७ च्या आसपास येतो. ५ व्होल्टचं गेट तिच्यापर्यंत पोचतं, पण तिच्या दृष्टीने ते 'बंद'च असतं. साध्या सीमॉस गेट चिपांचा नियम आणखी कडक आहे: पुरवठ्याच्या ७० टक्क्यांच्या वर गेलं तरच 'चालू' वाचलं जाईल याची खात्री. १२ व्होल्टवर हे ८.४ होतात. घरी बनवलेल्या आणि काही जुन्या मोड्यूलमध्ये असं इनपुट सर्रास सापडतं, आणि आरंभी सांगितलेलं ढिम्म एन्व्हलप बहुतेक वेळा याच जातीचं असतं. ते १० व्होल्टच्या गेटने लगेच चालतं, म्हणून सदोष कोण याचा घोळ वाढतो.

ट्रिगर इनपुटमध्ये आणखी एक गोष्ट असते. आत एक छोटा कपॅसिटर बसवलेला असतो, तो फक्त झटक्याने होणारा बदल पुढे जाऊ देतो. १० नॅनोफॅरड आणि १०० किलोओहम घेतले तर १ मिलिसेकंदाचा टोचा मिळतो. अशा इनपुटला हळूहळू चढणारी त्रिकोणी लहर दिली तर ती १० व्होल्टपर्यंत गेली तरी काहीच घडत नाही, कारण झटका कधी येतच नाही. चौकोनी लहर द्या, लगेच चालतं. इथे दोष उंचीचा नसून चढाच्या वेगाचा आहे, आणि मल्टिमीटर हे सांगू शकत नाही.

काही ठिकाणी गेटची उंची खरोखरच ऐकू येते. गेट थेट व्हीसीएच्या (आवाज लहान-मोठा करणाऱ्या मोड्यूलच्या) नियंत्रण इनपुटला लावलं तर ५ व्होल्ट आणि १० व्होल्ट यांत आवाजाचा फरक पडतो. काही साध्या एन्व्हलपमध्ये कपॅसिटर गेटच्याच व्होल्टेजने भरला जातो. तिथे ५ व्होल्टचं गेट दिलं तर एन्व्हलपचं शिखरही ५ च्या आसपासच राहतं आणि फिल्टर अर्धवट उघडतो. अशा वेळी मोड्यूल 'चालतं', पण आवाज मरगळलेला येतो. हे ओळखायला कान लागतो.

जळण्याचा धोका कुठे

युरोरॅकच्या तयार मोड्यूलना १० व्होल्टच्या गेटने सहसा काही होत नाही. त्यांची इनपुट अधिक-उणे १२ व्होल्टच्या पुरवठ्याच्या आत येणारं काहीही सोसतील अशी केलेली असतात. धोका घरच्या बोर्डांना आहे. ईएसपी३२ किंवा रास्पबेरी पायच्या पिनेला ३.३ व्होल्टच्या वर सोसत नाही. त्यावर १० व्होल्टचं गेट थेट लावलं तर ती पिन जाते, कधीकधी सगळा बोर्ड जातो. अधिक-उणे ५ व्होल्टची एलएफओची (सावकाश हेलकावणाऱ्या ऑसिलेटरची) लहर गेट म्हणून लावणारेही असतात. तिचा उणे भागही पिनेला तितकाच घातक.

मग लोक दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज विभागतात. ६८ आणि ३३ किलोओहमचा विभाजक १० व्होल्टचे ३.२७ करतो. पिन वाचली, ठीक. पण त्याच विभाजकातून ५ व्होल्टचं गेट आलं तर पिनेवर १.६३ च पोचतात, आणि ईएसपी३२ ला 'चालू' मानायला सुमारे २.५ लागतात. बोर्ड सुरक्षित, पण बहिरा. १० साठी केलेली सोय ५ ला नडते.

म्हणून मी नेहमी ट्रान्झिस्टरचं इनपुट सुचवतो. बीसी५४७ कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात किरकोळ किमतीत मिळतो. गेटच्या जॅकपासून १०० किलोओहमचा रेझिस्टर बेसला आणायचा. बेस आणि ग्राउंड यांच्यामध्ये ४७ किलोओहम. त्याच दोन बिंदूंमध्ये १एन४१४८ हा डायोड, पट्टीची बाजू बेसकडे. एमिटर ग्राउंडला. कलेक्टरपासून १० किलोओहमचा रेझिस्टर ३.३ व्होल्टच्या पुरवठ्याला, आणि कलेक्टरवरूनच एक तार बोर्डाच्या पिनेला. झालं.

यातल्या प्रत्येक भागाचं काम पाहा. १०० किलोओहममुळे १२ व्होल्ट आले तरी बेसमध्ये फार तर दहाव्या भागाइतके मिलिअँपिअर जातात. ४७ किलोओहममुळे उंबरठा २ व्होल्टच्या जवळ येतो. तो रेझिस्टर नसेल तर १ व्होल्टच्या आतच ट्रान्झिस्टर चालू व्हायला लागतो आणि केबलमधला गुणगुणाटही गेट समजला जातो. डायोड उणे व्होल्टेज अडवतो, कारण बीसी५४७ च्या बेस-एमिटर जोडाला उलट दिशेने ६ व्होल्टच्या वर सोसत नाही. पिनेला तर ३.३ च्या पलीकडे काही दिसतच नाही. ३.३, ५, ८, १०, १२ अशी सगळी गेटं हे सर्किट सारखीच वाचतं. एकच लक्षात ठेवायचं: इथे अर्थ उलटा होतो. गेट वर गेलं की पिन खाली जाते, तेव्हा प्रोग्राममध्ये तेवढं उलटून घ्यायचं. आणि बीसी५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली धरला तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम येतो. २एन३९०४ चा क्रम नेमका याच्या उलट असतो. परदेशी आकृती बघून बीसी५४७ बसवताना इथेच गल्लत होते.

गंमत अशी की कलेक्टरवरचा १० किलोओहमचा रेझिस्टर काढून टाकला आणि कलेक्टर सरळ एमएस-२० च्या ट्रिगर इनपुटला जोडला, की तेच सर्किट साध्या गेटचं एस-ट्रिगरमध्ये रूपांतर करतं. गेट वर गेलं की ट्रान्झिस्टर ती तार ग्राउंडला ओढतो, आणि वाद्याला तेच हवं असतं. रूपांतर न करता साधं गेट एस-ट्रिगरला लावलं तर काय होतं हे ओळखायला सोपं आहे: हात लावायच्या आधीच वाद्य वाजत राहतं आणि कळ दाबली की गप्प होतं. ज्यांना सोल्डर मारायचं नाही त्यांच्यासाठी आर्टुरियाच्या कीस्टेपसारख्या कीबोर्डमध्ये एस-ट्रिगर, ५ व्होल्ट आणि १२ व्होल्ट असा पर्याय सेटिंगमध्येच दिलेला असतो. तो एकदा उघडून पाहावा.

उलट बाजूने, ३.३ व्होल्ट देणाऱ्या बोर्डाने १२ व्होल्टवरच्या सीमॉस इनपुटला चालवायचं असेल तर व्होल्टेज वाढवावं लागतं. अधिक-उणे १२ व्होल्टवरचा टीएल०७२ ऑप-अँप, १५ आणि १० किलोओहमचे दोन रेझिस्टर, अडीचपट वाढ, म्हणजे ८.२५ व्होल्ट. श्मिट ट्रिगरला हे पुरतात. साध्या सीमॉस चिपेची ८.४ ची हमी मात्र थोडी हुकते, तिथे १५ ऐवजी १८ किलोओहम घ्या, ९.२४ मिळतील.

घुमटातून गेट

हे सगळं सर्वांत छान कळतं ते खऱ्या वाद्यातून गेट काढायला गेलं की. माझा मावसभाऊ मडकईला चवथीच्या आरतीत घुमट, म्हणजे कातडं चढवलेलं मडक्याचं तालवाद्य, वाजवतो. शामेळ हे तालवाद्य, कासाळे म्हणजे झांजा आणि चार-पाच घुमटं एका घुमीत आली की माटोळीखाली, गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांखाली, उभं राहून दुसरं काही सुचत नाही. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला. घोरपडीच्या कातड्याला कायद्याने बंदी असल्यामुळे आता बकऱ्याचं कातडं चढवतात. आम्हाला हवं होतं ते असं: घुमटाच्या थापेवर मोड्युलरमधला एक खोल सूर उठावा.

मडक्याच्या मानेजवळ थरथरीचं व्होल्टेज करणारी पिझोची चकती चिकटवली आणि ती एका प्रीअँपमधून सरळ एन्व्हलपच्या गेट इनपुटला दिली.

"अरे, मी थाप एकच मारली, हा चारदा बोलला," दादा म्हणाला.

"कातडं एकदाच हलत नाही ना. ते थरथरतं. जितक्या वेळा उंबरठ्याच्या वर येतं तितकी गेटं."

"मग हलकी बोटं मारली तेव्हा गप्प का?"

"ती उंबरठ्यापर्यंत पोचलीच नाहीत."

एकाच सर्किटला दोन्ही दुखणी. पिझोतून येतं ते गेट नसतंच. ती अधिक-उणे हेलकावणारी, पटकन विरणारी लहर असते, आणि जोराच्या थापेला तिचं शिखर एवढं वर जातं की पुढच्या चिपेला रेझिस्टर आणि डायोडचं संरक्षण द्यावंच लागतं. ती गेट व्हावी म्हणून दोन पायऱ्या लागतात. आधी डायोड आणि कपॅसिटर लावून थरथरीची बाह्यरेखा काढायची. १०० नॅनोफॅरड आणि ४७० किलोओहम घेतले तर ती साधारण ४७ मिलिसेकंदांच्या गतीने विरते. मग ती रेखा कंपॅरेटरला द्यायची, आणि कंपॅरेटरला चालू होण्याची आणि बंद होण्याची पातळी वेगवेगळी ठेवायची: समजा १ व्होल्टला चालू, ०.६ ला बंद. या अंतराला हिस्टेरिसिस म्हणतात. ते नसेल तर रेखेवर उरलेली बारीक थरथर उंबरठ्याभोवती नाचत राहते आणि एका थापेची पुन्हा चार गेटं होतात.

कपॅसिटर मोठा केला की गेट अगदी स्वच्छ येतं, पण आरतीची लय चढली की दोन थापांमधली जागा भरून जाते आणि त्या एकाच लांब गेटमध्ये विरघळतात. लहान केला की दुहेरी वाजतं. कुठे थांबायचं हे वाजवणाऱ्याच्या हातावर ठरतं. आकडे कागदावर मांडून हे सुटत नाही, वादकाला समोर बसवूनच ते लावावे लागतात. शिवाय घुमटाचं दुसरं तोंड तळहाताने मिटलं-उघडलं की आवाज बदलतो आणि चकतीवर येणारी ताकदही बदलते. म्हणून उंबरठ्याचं बटण बाहेर, हाताशी असलेलं बरं.

वाटून देताना, जोडून घेताना

एक गेट चार मोड्यूलना वाटून दिलं तर कमी पडेल का? आउटपुटचा आतला रोध १ किलोओहम आणि प्रत्येक इनपुटचा १०० किलोओहम धरला तर ५ व्होल्टचे एका इनपुटला ४.९५ आणि चार इनपुटना मिळून ४.८ उरतात. सुरासाठी ही घट भयंकर आहे, गेटसाठी नगण्य. गेट साध्या मल्टिपलमधून, म्हणजे एका केबलीला अनेक फाटे देणाऱ्या जोडातून, बिनधास्त वाटावं.

दोन आउटपुट मात्र साध्या मल्टिपलने एकत्र जोडू नयेत. एक ५ व्होल्टवर आणि दुसरा शून्यावर असेल तर १-१ किलोओहमच्या ओढाताणीत मधे २.५ उरतात. कधी चालतं, कधी नाही, आणि आउटपुटला आतला रेझिस्टर नसेल तर चिप तापते. दोन गेटांपैकी कोणतंही एक आलं की चाललं पाहिजे, असं हवं असेल तर प्रत्येक आउटपुटपुढे एक १एन४१४८ घालून मग जोडावं, आणि जोडलेल्या टोकापासून ग्राउंडला १०० किलोओहम. डायोड ०.६-०.७ व्होल्ट खातो, तेवढं हिशोबात धरावं. ३.३ चे २.६ झाले की काही इनपुट रुसतात.

लॅपटॉपवरून गेट काढणाऱ्यांसाठी एक गोष्ट. व्हीसीव्ही रॅकच्या पडद्यावर १० व्होल्ट दिसतात, पण साध्या साउंड कार्डातून तेवढे येत नाहीत. बहुतेक साध्या कार्डांच्या आउटपुटला स्थिर व्होल्टेज अडवणारा कपॅसिटर असतो. त्यातून गेट धरून ठेवता येत नाही, आरंभीचा झटका येतो आणि मग रेषा शून्याकडे घसरते. ट्रिगरला ते कदाचित पुरेल, लांब गेटला नाही. स्थिर व्होल्टेज बाहेर सोडणारी कार्डं वेगळी मिळतात, विकत घेताना हेच विचारून घ्यावं.

बनाना केबलींच्या वाद्याला युरोरॅक जोडताना सगळे व्होल्ट बरोबर असूनही काही चालत नाही, असं होऊ शकतं. ३.५ मिलिमीटरच्या केबलीत ग्राउंड सोबत येतं, बनाना केबलीत एकच तार असते. दोन्ही वाद्यांची ग्राउंडं एका वेगळ्या तारेने जोडल्याशिवाय ५ व्होल्ट कशाच्या तुलनेत ५, हेच ठरत नाही.

आणि गोव्यात राहणाऱ्याने जॅकवर लक्ष ठेवावं. पावसाळ्यातली दमट, खारी हवा धातूवर थर चढवते. थर चढलेला जॅक कधी जोडतो, कधी तोडतो, आणि लक्षण हुबेहूब कमी पडणाऱ्या गेटसारखं दिसतं. व्होल्टेजचा संशय घेण्याआधी जॅक दहा-बारा वेळा आत-बाहेर करून पाहावा, शक्य तर काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारावा.

तपासायला मल्टिमीटर पुरतो. सीक्वेन्सरची एक पायरी लांब करून किंवा कीबोर्डची कळ दाबून धरून केबलीच्या टोकावर डीसी व्होल्ट मोजा: टोकाला लाल, मागच्या भागाला काळी. काही न लावता किती, आणि पलीकडच्या मोड्यूलमध्ये लावल्यावर किती, असे दोन्ही आकडे घ्या. लावल्यावर बराच खाली आला तर घेणारा जास्त ओढतोय. ट्रिगर मात्र अशाने दिसत नाही, मीटर जागा होईपर्यंत तो संपलेला असतो. तिथे ऑसिलोस्कोपच हवा, स्वस्तातला खिशातला असला तरी चालेल.

घेणाऱ्याचा उंबरठा काढायला ऑफसेट, म्हणजे हवं ते स्थिर व्होल्टेज, देणारं मोड्यूल घ्या, ते गेट इनपुटला जोडा आणि बटण शून्यापासून अगदी सावकाश वर न्या. एन्व्हलप सुटलं त्या क्षणी मीटरवर जे दिसतं तो चालू होण्याचा उंबरठा. मग तसंच खाली आणा, सुटलेलं एन्व्हलप जिथे खाली पडायला लागलं तो बंद होण्याचा. ट्रिगर इनपुटवर हा प्रयोग चालत नाही, कारण सावकाश चढणाऱ्या व्होल्टेजला ते दाद देत नाही. तिथे चौकोनी लहर सिग्नल लहान करणाऱ्या एका अटेन्युएटरमधून द्या आणि तिची उंची पायरी-पायरीने वाढवा.